डेल्मरनं शिकवलेले रस्ते

नेरिसा एल्स्बर्गला आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती दूध आणायला पायी निघाली. दुकान घरातून दिसत होतं. धान्याच्या उंच कोठारांच्या पलीकडे त्याचं लाल छप्पर. समुद्रापलीकडच्या आपल्या गावी, इलोइलोला असताना एवढ्या अंतराला तिनं अंतर म्हटलंच नसतं. पण अर्ध्या वाटेवर एक गाडी थांबली, काच खाली झाली आणि आतल्या म्हाताऱ्यानं विचारलं की गाडी कुठं बंद पडली. ती म्हणाली, बंद पडली नाही, मी चालत चाललेय. मागून आलेल्या गाडीतल्या बाईनंही तेच विचारलं आणि तिला ते उत्तर मुळीच पटलं नाही. तिनं नेरिसाला गाडीत घातलं, दुकानापाशी नेलं, बाहेर थांबली आणि परत घरी आणून सोडलं. दुपारपर्यंत गावभर झालं होतं की डेल्मर रुडची नवी बायको रस्त्यानं पायी हिंडताना सापडली.

संध्याकाळी डेल्मर कामावरून आला तो हसत हसतच.

"उद्यापासून शिकायला लागायचं," तो म्हणाला. "इकडं पाय असतात ते ब्रेक दाबायला."

डेल्मर काउंटीच्या रस्ते खात्यात होता. हिवाळ्यात बर्फ लोटायची मोठी नारिंगी गाडी चालवायची, उन्हाळ्यात खडीचे रस्ते सपाट करायचे, यात त्याचा जन्म गेला होता. सत्तावन्न वर्षांचा झाला तरी लग्न नाही. वडील गेल्यावर शेत विकून तो आईला घेऊन गावात राहायला आला. पुढं आई हळूहळू सगळं विसरत गेली, पोटच्या पोराला ओळखेनाशी झाली, तेही त्यानं निभावलं. अखेर तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथं नर्स होती जेम्मा, नेरिसाची मावसबहीण. आई गेली तरी डेल्मर दर शनिवारी तिथं यायचा, कॉफीचा कप घेऊन व्हरांड्यात बसायचा, कप गार झाला की उठून जायचा. जेम्मानं हे बरेच दिवस बघितलं आणि एकदा त्याला म्हणाली, माझी एक बहीण आहे, तिच्याशी फोनवर बोलत जा. निदान कॉफी तरी गरम पिशील.

नेरिसा तेव्हा चाळिशी ओलांडलेली. आईजवळ राहून शाळेचे गणवेश शिवायची. आपलं लग्न आता व्हायचं नाही हे तिनं मनाशी कधीच मान्य करून टाकलं होतं, आणि त्यात तिला फार दुःखही नव्हतं. डेल्मर दोनदा तिकडं गेला. एवढा धिप्पाड माणूस तिच्या भावाच्या तीनचाकी रिक्षात बसला तेव्हा गुडघे हनुवटीला टेकले. सुका मासा त्यानं पहिल्याच जेवणात खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, पण पानात टाकला नाही. तिच्या आईला तेवढं पुरलं. दुसऱ्या खेपेला चर्चमध्ये लग्न झालं. ती त्याला पालंगा म्हणू लागली. तिच्या बोलीत जिवाच्या माणसाला तसंच म्हणतात. तो तिला नेरी म्हणायचा.

मग कागदपत्रं आणि वाट बघणं. वर्ष उलटून गेलं. दर रविवारी डेल्मर फोन गाडीच्या काचेपाशी अडकवायचा आणि तिला आपले रस्ते दाखवत हिंडायचा. तिकडं तिची रात्र असायची. आई शेजारी झोपलेली, आणि फोनमध्ये मैलच्या मैल सपाट जमीन, मधून सरळ रेघ मारल्यासारखा रस्ता. हा बघ स्टॉपचा फलक, तो सांगायचा. चारी बाजूंना कुणी नसलं तरी पूर्ण थांबायचं. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ओळखीचा असो नसो. हॉर्न वाजवायचा नाही, हॉर्न म्हणजे शिवी. नेरिसा हसून म्हणायची की आमच्याकडं हॉर्न वाजवला नाही तर शिवी खावी लागते. कधी कधी तो एकच गोष्ट दोन रविवार सांगायचा. तिला वाटायचं, शिकवायची त्याला हौसच आहे.

ती आली तेव्हा सप्टेंबर होता. रोज संध्याकाळी तो तिला जुन्या पिकअपमध्ये बसवून चर्चमागच्या मोकळ्या जागेत न्यायचा. सीटवर दोन उशा घातल्याशिवाय तिला पुढचं दिसायचं नाही. पहिल्या आठवड्यात तिनं चर्चची कचरापेटी पाडली. डेल्मर खाली उतरला, पेटी उभी केली, सांडलेलं गोळा केलं आणि परत येऊन म्हणाला, "आता तेच पुन्हा. मागं बघून." त्याचा आवाज कधी चढला नाही. घाई मात्र होती. पाऊस असो, वारा असो, एक संध्याकाळ चुकवायचा नाही. ती म्हणायची, अरे, मी कुठं पळून चाललेय, सावकाश शिकेन की. तो म्हणायचा, बर्फ पडायच्या आत यायला हवं.

गाडीबरोबर बाकीचंही तो शिकवायचा. कुणी कॉफी विचारली तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायची. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडीची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालायची. गाडीत घोंगडी, मेणबत्ती आणि फावडं असल्याशिवाय गावाबाहेर जायचं नाही. गाडी बर्फात अडकली तर काही झालं तरी खाली उतरून चालू लागायचं नाही; चालत गेलेली माणसं त्यानंच वसंतात बर्फाखालून काढली होती. आणि हरीण आडवं आलं तर स्टिअरिंग वळवायचं नाही.

"म्हणजे त्याला मारायचं?" नेरिसानं विचारलं.

"ब्रेक दाबायचा. तरी मेलं तर मेलं. तू खड्ड्यात जायचं नाहीस."

डेल्मरची थोरली बहीण आर्डिस गावातच राहायची. विधवा, हाडापेरानं मजबूत, शब्दाला खडखडीत. नेरिसा तिला मनांग म्हणायची, म्हणजे ताई. आर्डिसला ते आवडत नव्हतं, पण तिनं तसं सांगितलंही नाही. एकदा नेरिसा सिंकपाशी भांडी धूत असताना बाहेरच्या खोलीत आर्डिस भावाला म्हणाली, "तिला शिकव हवं तेवढं. लायसन्स हातात पडलं की बघ, एक दिवस गाडीही नसेल आणि बायकोही." डेल्मर कधी नव्हे तो ओरडला. आर्डिस कोट घालून निघून गेली. नेरिसानं नळ बंदच केला नाही, जणू तिला काही ऐकूच आलं नव्हतं.

पहिल्या परीक्षेत ती गाडी लावताना नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली. त्या दिवशी डेल्मरनं तिला हॉटेलात नेऊन ॲपल पाय खायला घातला आणि वाढपी पोरीला, शेजारच्या टेबलावरच्या माणसांना, सगळ्यांना सांगितलं की हिला लायसन्स मिळालं. परतताना तीच चालवत होती. गावाच्या अलीकडं तो म्हणाला, इथं डावीकडं घे. तिनं घेतली. रस्ता खडीचा होता आणि पुढं जाऊन एका नांगरलेल्या शेतात संपला. डेल्मर खाली उतरला. शेताकडं बघत बराच वेळ उभा राहिला. घर कुठं गेलं, तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. हे त्यांचं जुनं शेत. घर पाडून कितीतरी वर्षं झाली होती. तो हसला, पण गाडीत बसल्यावर त्याचे हात मांडीखाली दाबलेले तिला दिसले.

डिसेंबरात बर्फ बसला. जानेवारीतल्या एका दुपारी कर्ट आला, डेल्मरच्या खात्यातला मुकादम. डेल्मर कामावर होता. कर्टनं टोपी काढून हातात धरली. दोनदा कॉफी नको म्हणाला, तिसऱ्यांदा घेतली, आणि कपात बघतच बोलला. काल डेल्मरनं एकच रस्ता तीनदा साफ केला आणि शाळेच्या बसचा रस्ता तसाच राहिला. बस वाटेतून मागं फिरवावी लागली, पोरं सुखरूप आहेत. पण त्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं वायरलेसवर विचारलं होतं की मी कुठं आहे.

"डेल्मरनं विचारलं," कर्ट म्हणाला. "ज्याला डोळे बांधून सोडला तरी कुठला रस्ता आहे ते सांगेल, त्यानं."

नेरिसानं विचारलं, हे कधीपासून. कर्ट जरा घुटमळला. आम्ही सांभाळून घेतोय, तो म्हणाला, मागच्या वसंतापासून. म्हणजे ती यायच्याही आधीपासून.

संध्याकाळी डेल्मर आला. बूट काढून बसला. तिनं भात आणि चिंचेच्या आंबट रश्श्यातलं डुकराचं मांस पुढं ठेवलं. आता त्याला ते आवडायला लागलं होतं. तिनं त्याचं जेवण संपत येऊ दिलं. मग कर्ट येऊन गेल्याचं सांगितलं.

डेल्मरनं काटा खाली ठेवला.

"तुला माहीत होतं?" तिनं विचारलं. "मला आणलंस तेव्हा?"

"वाटत होतं थोडं," तो म्हणाला. "आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी रस्ते."

"मला तिथंच सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

 नेरिसानं उत्तर शोधलं, अगदी प्रामाणिकपणानं शोधलं, आणि तिला खरंच माहीत नव्हतं.

"म्हणून तर घाई केली," डेल्मर म्हणाला. "गाडी येत नसलेल्या माणसाला इथं एकटं राहता येत नाही, नेरी. मी शुद्धीवर असेपर्यंत तेवढं तरी व्हायला हवं होतं."

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिला त्याचा भयंकर राग आला. त्यानं तिला फसवून आणलं होतं. आणि फसवून आणल्याच्या दिवसापासून तो तिला एकटीनं राहायला शिकवत होता. चर्चमागच्या त्या सगळ्या संध्याकाळी. तिनं इलोइलोला फोन लावला आणि आईचा आवाज ऐकताच म्हणाली की काही नाही, सहजच केला. आईनं विचारलं, थंडी फार आहे का गं. ती म्हणाली, हो, फार आहे.

मायनट शहरातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि निदान सांगितलं. आईचाच आजार, तेव्हा ते नवं नव्हतं. गाडी चालवणं आजपासून बंद, तेही त्यांनी सांगितलं, आणि डेल्मरनं समजूतदारपणे मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा कोट घालून, खुंटीवरच्या किल्ल्या घेऊन दाराकडं निघाला. नेरिसा दारात उभी राहिली.

"दे इकडं, पालंगा."

"बाजूला हो. रस्ते भरलेत."

"डॉक्टर काल काय म्हणाले?"

तो थांबला. त्याला आठवलं की नाही कोण जाणे, पण त्याचा चेहरा बदलला, आणि असा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. "आर्डिस बोलली होती," तो म्हणाला. "लायसन्स हातात पडू दे, मग बघ म्हणाली होती. मी तिलाच घराबाहेर काढलं."

नेरिसानं हात पुढं केलेला होता, तो तसाच ठेवला. मागं घेतला असता तर पुन्हा पुढं करायची ताकद तिच्यात राहिली नसती. डेल्मरनं किल्ल्या तिच्या हातात दिल्या नाहीत, टेबलावर टाकल्या. मग बाहेर जाऊन पिकअपमध्ये बसला, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. बाहेर उणे वीस असेल. ती खिडकीतून बघत राहिली. त्याच्या श्वासानं काच पांढरी होत गेली आणि तो दिसेनासा झाला. तेव्हा तिनं कोट घातला, किल्ल्या घेतल्या, जाऊन गाडी सुरू केली आणि विचारलं, कुठला रस्ता आधी. तो म्हणाला, उत्तरेचा. वारं तिकडचं आहे.

त्या दिवसापासून रोज दुपारी ती त्याला त्याच्या रस्त्यांवरून फिरवून आणू लागली. तो उजव्या सीटवर बसून रिकाम्या जागी ब्रेक दाबायचा. कुठल्या वळणावर बर्फाचा ढीग साठतो, कुठल्या पुलावर डोळ्यांना न दिसणारा काळा बर्फ धरतो, हे त्याला अजून येत होतं आणि तो सांगत होता. गाडी घसरली तर ब्रेकवर पाय आपटायचा नाही. जिकडं जायचंय तिकडं बघायचं. एका दुपारी ती खरोखरच घसरली. गाडी आडवी होऊन सरकत चालली आणि डेल्मर शेजारून शांतपणे म्हणाला, "माझ्याकडं नको, रस्त्याकडं बघ." गाडी सरळ झाली.  डेल्मर कित्येक दिवसांत दिसला नव्हता इतका खूश होता.

जेम्मानं तिला वृद्धाश्रमात मदतनिसाची नोकरी लावून दिली. नेरिसा कामावर असली की आर्डिस येऊन भावाजवळ बसायची. दोघी दारात भेटायच्या, तो जेवला का, गोळ्या घेतल्या का, एवढंच बोलायच्या. एकदा नेरिसा लवकर परतली तर ती आल्याचं आर्डिसला कळलं नाही. आर्डिस स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पाठमोरी, आणि डेल्मर तिला विचारत होता की तुझा नवरा कसा आहे. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. आर्डिस म्हणाली, बरा आहे. नेरिसा पुन्हा बाहेर गेली, गाडीचं दार मुद्दाम जोरात लावलं आणि मग आत आली.

ती येऊन दोन वर्षं झाल्यावर तिच्या इथं कायम राहायच्या परवान्यासाठी दोघांना मुलाखतीला बोलावणं आलं. फार्गोला जायचं होतं. डेल्मरच्या रस्त्यांच्या कितीतरी पलीकडं, ट्रकनी भरलेल्या हायवेनं. आर्डिस म्हणाली, मीही येते. मागं बसली. वारा जमिनीलगतचा बर्फ रस्त्यावरून वाहून नेत होता, डांबर दिसतच नव्हतं. नेरिसाच्या मनात दुसरंच चाललं होतं. आत गेल्यावर तो काय सांगेल? ही माझी कोण, असं त्यालाच विचारायची पाळी आली तर?

मुलाखत घेणारी बाई मध्यम वयाची, सौम्य होती. डॉक्टरांची कागदं तिनं आधीच वाचली होती. तिनं डेल्मरला विचारलं, या कोण? तो म्हणाला, नेरी. भेट कशी झाली? तो विचारात पडला. लग्न कुठं झालं? डेल्मरनं नेरिसाकडं पाहिलं, परीक्षेत अडलेलं पोर शेजारच्याच्या पाटीत डोकावतं तसं. मग म्हणाला, "आज वारं आडवं होतं. हिनं गाडी एकदाही रेषेबाहेर जाऊ दिली नाही."

बाईनं लिहून घेतलं. मग तिनं आर्डिसला आत बोलावलं.

आर्डिस खुर्चीत ताठ बसली. पर्स मांडीवर घट्ट धरलेली.

"मी हिच्यावर दोन वर्षं नजर ठेवून आहे," ती म्हणाली. "पळून कधी जाते याची वाट बघत होते, खोटं कशाला सांगू. माझा भाऊ आता दाढी करू देत नाही कुणाला. मला देत नाही. हिला देतो. ही त्याची नखं कापते, त्याला आंघोळ घालते, त्याच्या शिव्या खाते आणि मला सांगत नाही. लग्नात मी नव्हते. त्याचं मला काही माहीत नाही. हे माहीत आहे."

परतीच्या वाटेवर अंधारून आलं. मागच्या सीटवर डेल्मर झोपला होता आणि आर्डिस या खेपेला पुढं बसली होती. समोरून एक पिकअप आला, तेव्हा नेरिसाचं एक बोट आपोआप स्टिअरिंगवरून उचललं गेलं. आर्डिस म्हणाली, "हायवेवर नाही करत ते. फक्त आपल्या रस्त्यांवर." एवढंच. पण ते ती रागानं म्हणाली नव्हती. परवाना पुढं रीतसर मिळाला.

आजाराची एक रीत असते. जे शेवटी आलं ते आधी जातं. डेल्मरची आई, शेत, शाळा, गाड्यांची इंजिनं, सगळं त्याच्यापाशी होतं. सगळ्यांत शेवटी आली होती नेरिसा.

मे महिन्यातल्या एका सकाळी ती कॉफी घेऊन आली तेव्हा डेल्मर खुर्चीतून अर्धवट उठला, परक्या बाईसाठी उठतात तसा.

"बसा ना," तो म्हणाला. "तुम्ही घेतलीत कॉफी?"

तिला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याचा चेहरा नम्र होता, थोडा संकोचलेला. तुमचं नाव काय म्हणालात, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. तो म्हणाला, वा, छान नाव आहे. नव्यानं लागलात का खात्यात? मला कुणी सांगितलं नाही. रस्ते दाखवायचेत ना तुम्हाला?

नेरिसानं कपबशी खाली ठेवली. तिच्या तोंडावर आलं होतं की अरे, मी तुझी बायको. पण वृद्धाश्रमात रोज बघत असल्यामुळं तिला ठाऊक होतं की हे सांगितलं तर काय होतं. माणूस घाबरतो, लाजतो, आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून घाबरतो. ती म्हणाली, "हो. तुमच्याकडंच पाठवलंय मला."

तेव्हापासून घरात दोघं एकमेकांना अहोजाहो करू लागली. दुपारी ती गाडी काढायची, तो शिकवायचा. ती चांगली चालवते याचं त्याला फार कौतुक होतं. कर्टला सांगून तुम्हाला कायम करायला लावतो, म्हणायचा. शेतांतून बीट वर यायला लागले होते. खिडकी उघडी ठेवून तो वारा घ्यायचा आणि आपल्याबद्दल सांगायचा. मी आईबरोबर राहतो. लग्न केलेलं नाही.

"करावंसं वाटलं नाही कधी?" एकदा नेरिसानं विचारलं. विचारू नये हे तिला कळत होतं.

डेल्मर बाहेर बघत राहिला. "वाटलं हो," तो म्हणाला. "पण या थंडीत कोण येणार?"

तिनं गाडी बाजूला घेतली. डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणाली. त्यानं खिशातला रुमाल काढून दिला, आणि ती रडत असताना समोर बघत बसून राहिला, सभ्य माणूस परक्या बाईच्या रडण्याकडं बघत नाही तसा.

पुढच्या हिवाळ्यात त्याला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिची ड्युटी तिथंच होती, तेवढं बरं झालं. ती त्याला भरवायची, कूस बदलायची. तो आता फार बोलत नसे. तिच्याशी त्याचं जमायचं. दुसऱ्या कुणी हात लावला तर ओरडायचा. जेम्मा म्हणायची, ओळख राहिली नसली तरी हात ओळखतो. नेरिसाला त्यानं बरं वाटायचं नाही. तिला तो माणूस हवा होता जो आपल्याला फसवून घेऊन आला. त्याच्याशी तिचं भांडण अर्धंच राहिलं होतं. ते पुरं करायला समोर कुणी उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत छातीत कफ झाला आणि डेल्मर गेला. त्या वेळी ती त्याच्याजवळ नव्हती, दोन खोल्या पलीकडं एका म्हातारीचे केस विंचरत होती. जेम्मा धावत आली नाही, हळू चालत आली. त्यावरूनच नेरिसाला कळलं.

जमीन दगडासारखी गोठलेली होती. दफन थंडी ओसरल्यावर करायचं ठरलं. ते महिने नेरिसाला सगळ्यांत जड गेले. माणूस गेलेला आणि तरी निरोप झालेला नाही. ती कामावर जायची, यायची, रात्री गाडीची वायर भिंतीत घालायची. इलोइलोहून आईचा रोज फोन. आता तिथं कोण आहे तुझं, ये परत. भावानं तिची जुनी शिलाई मशीन तेलपाणी करून ठेवली होती. बघते, नेरिसा म्हणायची.

मेमध्ये खड्डा खणला गेला. चर्चपाशी जमायचं आणि तिथून दफनभूमीत जायचं होतं. नेरिसा आर्डिसला घेऊन पोचली तर चर्चमागच्या मोकळ्या जागेत बर्फ लोटायच्या नारिंगी गाड्या ओळीनं उभ्या होत्या, धुऊन पुसून, पुढचे नांगर लावलेल्या. बर्फ कुठंच नव्हता. शेतं काळीभोर, ओली. शेजारच्या काउंट्यांतल्यासुद्धा गाड्या आल्या होत्या. कर्टनं टोपी काढली आणि सांगितलं की शववाहिकेच्या मागं तुमची गाडी, तुमच्या मागं आम्ही.

"वेग किती ठेवू?" नेरिसानं विचारलं.

"तुम्ही ठेवाल तो," कर्ट म्हणाला.

ती पिकअपमध्ये बसली. आर्डिसनं पट्टा लावला. वाटेत समोरून येणाऱ्या गाड्या एकेक करून खाली खडीत उतरून थांबत होत्या. कुणी बोट उचललं नाही, टोप्या उतरवल्या. आर्डिस सबंध रस्ताभर रडत होती, आवाज न करता, रुमालही न काढता. नेरिसाला रडू आलं नाही. तिचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅम सँडविच आणि बटाट्याची कोशिंबीर. बायकांनी नेरिसाला कॉफी विचारली. ती पहिल्याच विचारण्याला हो म्हणाली आणि सगळ्या जराशा गोंधळल्या. लोक येऊन हात दाबत होते. डेल्मरनं मला खड्ड्यातून काढलं होतं, कुणी सांगत होतं. कुणी म्हणत होतं, बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, तो पुढं बर्फ लोटत दवाखान्यापर्यंत आला. त्यातलं एकही डेल्मरनं तिला कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी आर्डिसला तिच्या दारात सोडलं तेव्हा ती लगेच उतरली नाही.

"तू परत जाणार?" तिनं विचारलं.

"ठरलं नाही, मनांग."

आर्डिस पुढच्या काचेतून बघत होती. "गेलीस तर सांगून जा," ती म्हणाली. "मी चुकीचं बोलले होते, ते तू ऐकलं होतंस. नळ चालू होता, पण ऐकलं होतंस."

नेरिसानं मान हलवली. आर्डिस उतरली, पायऱ्या चढून आत गेली, दिवा लागला.

घरी पोचेपर्यंत आईचा फोन वाजायला लागला होता. नेरिसानं गाडी दारात लावली आणि तिथंच बसून फोन घेतला. आईनं विचारलं, झालं का गं सगळं नीट. झालं, ती म्हणाली. माणसं होती का? खूप होती. मग आता भावानं काढायचं का तिकीट?  नेरिसा म्हणाली की सकाळची ड्युटी आहे, उद्या बोलू. आई फोनवर तशीच थांबून राहिली, आणि तीही. दोघींपैकी कुणीच आधी ठेवला नाही.